वाळूबैल

गवंडी वाळू चाळत होता, चाळणीत काहीतरी अडलं.
दगड म्हणून त्यानं उचललं,
आणि दगडानं त्याच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

मी धावलो. सव्वीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात
बरण्यांतलं फॉर्मलिन बदललेला माणूस मी,
चोपड्यात अजून मला बेडूकमास्तर म्हणतात.
हा आमच्या एकाही बरणीत नव्हता.

अंगठ्याएवढा जाड, ओल्या रेतीच्या रंगाचा.
पायांना चपटी पानं, रेतीत रुतू नये म्हणून.
मिशा अंगाहून लांब.
आणि पंख.
पंख होते. शेपटाशी गुंडाळून ठेवलेले,
जुन्या घड्याळातल्या कमानीसारखे,
जिची किल्ली कुणी कधी फिरवलीच नाही.

विभागात एकदा एक जाडजूड पुस्तक आलं होतं.
त्यात दूरच्या दर्यातलं एक बेट
आणि तळहाताएवढे, न उडणारे किडे.
एक जहाज खडकावर चढलं, त्यातले उंदीर काठाला लागले,
दोन-चार वर्षांत बेट चाटूनपुसून साफ.
पुढे ऐंशी वर्षांनी, समुद्रातल्या एका उघड्या सुळक्यावर,
एका झुडपाखाली,
मोजून चोवीस जण जिवंत सापडले.
ते पान उघडं ठेवून मी जेवायला गेलो.
आलो तर शिपायानं पुस्तक मिटून ठेवलेलं.
मीही पुन्हा उघडलं नाही. कुठला दर्या आणि कुठे आपण.

ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, वाळू कुठली?
तो हसला. तापीची. बेटावरची. एक नंबर माल, मास्तर,
मातीचा कण नाही.

डब्याच्या झाकणाला खिळ्यानं सात भोकं पाडली,
लुनाला डबा टांगला, दिवस मावळता नदीवर गेलो.

तिथे धुडकू कोळी डांगराच्या वाड्या राखतो.
त्याच्या आधीची तीन गेली, म्हणून जन्मल्या जन्मल्या
त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं,
नावही तसंच ठेवलं. सटवाईला वाटावं, हे टाकलेलंच.
तो आता सत्तरीचा. दात सगळे शाबूत.

झाकण किलकिलं करून त्यानं बॅटरी मारली.
"हाऊ ते वाळूबैल. रातले वखर धरस."
मी म्हटलं, पंख असून उडत का नाही?
"पखं शेतस ना. पन नदी सोडीसन कोठे जाई?"

आम्ही गुडघाभर पाण्यातून बेटावर गेलो.
बेट म्हणजे काय,
मागच्या साली इथे चाळीस वाफे डांगर होतं,
आता दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढी पट्टी,
बाकी खड्डे, खड्ड्यांत हिरवं पाणी,
पाण्यात एक चप्पल.

डबा आडवा केला. बराच वेळ तो बाहेरच आला नाही.
मग आला, मिशांनी रेती चाचपली,
आणि मागच्या पायांनी अशी काही उडवू लागला
की माझ्या चष्म्यावर दाणे बसले.
पुसून पाहतो तर नाही.

मला वाटलं, रेतीचा रंग घेतला
की कुणाची नजर पडणार नाही,
असं ह्यानंही कधीकाळी ठरवलं असणार.
धुडकूच्या आईसारखंच.
रेतीलाच भाव येईल, हे त्याला कोण सांगणार होतं.

पलीकडच्या काठावर डंपरचे दिवे लागले. एक. तीन. पाच.
धुडकूनं बिडी पेटवली, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"किडा ते आनी दिधा, भो.
आते बेट कव्हय आनशी?"

मी काही बोललो नाही.
सोमवारी स्लॅब होता. सहा ब्रास अजून पडली होती दारात.

स्लॅब झाला. पाणी मारून झालं. आम्ही राहायलाही गेलो.
इंदुमती विचारते, नव्या डब्याला भोकं कुणी पाडली.
आता ती त्यात लसूण ठेवते.
कितीदा घासला, तरी कडेच्या पन्हळीतून
अजून दोन-चार दाणे गळतात,
ओट्यावर,
आणि ती फडक्यानं टिपून घेते.